पांढऱ्या बाजूनेच चाला : लाओसमधले सात दिवस

पहिला दिवस : उदोन थानी, नोंग खाय, व्हिएन्तिआन

बँकॉकहून निघालेलं विमान उदोन थानीला उतरलं, तेव्हा दादा खिडकीला नाक लावून बसला होता. "ही धावपट्टी नुसत्या प्रवासी विमानांची नाही गं," तो म्हणाला. बरोबर होतं त्याचं. थायलंडचं हवाई दल आणि प्रवासी विमानं इथे एकच धावपट्टी वापरतात, आणि साठ वर्षांपूर्वी इथून अमेरिकेची विमानं मेकाँग ओलांडून लाओसवर जायची. सीआयएच्या मालकीच्या 'एअर अमेरिका' या विमान कंपनीचा लाओससाठीचा तळही इथलाच.

कराडजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी एकतीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं. शीतयुद्धाचं प्रकरण आलं की फळ्यावर आग्नेय आशियाचा नकाशा काढायचे. आयसेनहॉवर यांनी एप्रिल १९५४ मध्ये मांडलेला सोंगट्यांचा सिद्धांत सांगायचे, की सोंगट्यांसारखा एक देश साम्यवादाकडे पडला की शेजारचाही पडतो. व्हिएतनामला तीन तास द्यायचे, आणि लाओसमधून एक बाण ओढून पुढे जायचे. निवृत्तीनंतर वाचत गेले तसा तो बाण मला झोपू देईना. म्हणून हा प्रवास. दादा सोबत आला, कारण सैन्यात इंजिनिअर तुकडीत असताना त्याचं आयुष्य सुरुंग पेरण्यात आणि काढण्यात गेलं. खडकीला तयार झालेला माणूस. जे मी पुस्तकात वाचलं होतं ते त्याच्या हाताखालून गेलेलं आहे.

मेकाँगवरचा मैत्री पूल ओलांडून संध्याकाळी व्हिएन्तिआनला पोचलो. नदीच्या पल्याडचे थायलंडचे दिवे अगदी हाकेच्या अंतरावर दिसतात. हेच अंतर त्या धोरणाची किल्ली होतं. जुलै १९६२ मध्ये जिनिव्हात १४ देशांनी सह्या करून लाओस तटस्थ ठरवला. परकं सैन्य तिथे राहणार नाही, हे अमेरिकेनेही मान्य केलं आणि उत्तर व्हिएतनामनेही. करारावर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे होतं, सोबत कॅनडा आणि पोलंड. आयोगाच्या नाक्यांवरून अमेरिकेचे ६६६ सल्लागार मोजून बाहेर गेले. उत्तर व्हिएतनामचे हजारो सैनिक देशात होते, त्यांतले नाक्यावरून गेले फक्त ४०. बाकीचे तिथेच राहिले. मग अमेरिकेनेही कागदावर करार पाळला आणि युद्ध नदीपलीकडून, आकाशातून चालवलं. दोघांनीही कित्येक वर्षं म्हटलं नाही, की आम्ही लाओसमध्ये लढतोय.

दुसरा दिवस : व्हिएन्तिआन

या शहराच्या नावाचा एक अर्थ चंदनाचं नगर असा लावतात. 'चान' म्हणजे आपलं चंदन. आमचा वाटाड्या पंचविशीतला, फोनसावनकडचा. मी शिक्षिका होते हे कळल्यापासून मला 'आचान' म्हणायला लागला. आचार्य शब्दाचंच ते रूप. तीन दिवसांनी त्याच्या तोंडून ते ऐकलं नाही तर चुकल्यासारखं व्हायला लागलं.

सकाळी पातुसाय पाहिलं. दुरून पॅरिसच्या कमानीसारखी दिसणारी प्रचंड कमान, वर लाओ पद्धतीचे मनोरे. विमानतळाची धावपट्टी बांधायला अमेरिकेने दिलेल्या सिमेंटमधून ती उभी राहिली, म्हणून तिला 'उभी धावपट्टी' म्हणतात. तिच्या सावलीत उभी असताना मला हसू आलं नाही. १९५० च्या दशकात लाओसच्या शाही सैन्याचा अख्खा खर्च, पै अन् पै, अमेरिका उचलत होती. ज्या देशात रस्ते नव्हते, शाळा मोजक्या, डॉक्टर जवळजवळ नाहीत, तिथे सर्वांत आधी सैन्याचे पगार आले. मदत कशासाठी येते हे पाहायचं असेल तर आधी ती कोणाच्या हातात पडते ते पाहावं, असं मी मुलांना सांगायचे. इथे ते सिमेंटमध्ये दिसलं.

दुपारी 'कोप' संस्थेचं केंद्र. स्फोटात हात-पाय गमावलेल्यांसाठी इथे कृत्रिम अवयवांचं काम चालतं. आत गेल्यावर छताकडून दोऱ्यांना लटकवलेले, मोसंबीएवढे लोखंडी गोळे दिसतात. विमानातून पडताना मध्येच थांबवल्यासारखे. लाओ लोक त्यांना 'बोम्बी' म्हणतात. दादा त्यांच्याखाली बराच वेळ उभा होता. मग मला जवळ बोलावून एका गोळ्यावरची उभी पाती दाखवली. "हे बघ, पडताना याच्यामुळे तो गरगर फिरतो. फिरला की आतलं यंत्र सज्ज होतं. कवचात बारीक छर्रे आहेत, तीनशेच्या आसपास. फांदीत अडकला, चिखलात पडला, पुरेसा फिरलाच नाही, तर फुटत नाही. पण मेलेलाही नसतो."

एका मोठ्या पेटीत असे सहाशेहून जास्त गोळे. पेटी हवेत उघडते. १९६४ ते १९७३ या नऊ वर्षांत लाओसवर ५,८०,००० खेपा झाल्या, २० लाख टनांहून जास्त बाँब पडले. सरासरी काढली तर दर आठ मिनिटांना एक विमानभर बाँब, दिवसरात्र, नऊ वर्षं. असे छोटे गोळे २७ कोटी. त्यांतले सुमारे ८ कोटी फुटले नाहीत.

एका भिंतीशी जुने कृत्रिम पाय मांडलेत. बांबूचे, लाकडाचे, पत्र्याचे. माणसांनी घरी बसून स्वतःसाठी बनवलेले. एका पायाला आतून जुन्या कापडाची घडी शिवलेली होती, खुंटाला टोचू नये म्हणून. टाके बारीक आणि सारखे. कुणाच्या तरी बायकोने नाहीतर आईने घातले असावेत. मला त्या टाक्यांपुढून हलवेना.

२०१६ च्या सप्टेंबरात बराक ओबामा इथे येऊन गेले. पदावर असताना लाओसला आलेले ते पहिले अमेरिकी राष्ट्राध्यक्ष. या देशाच्या जखमा भरायला मदत करणं हे आमचं नैतिक कर्तव्य आहे, असं म्हणाले आणि तीन वर्षांसाठी ९ कोटी डॉलर जाहीर केले. माफी मागितली नाही. पण हे सगळं आपल्या हातून झालं, हे त्यांनी इथे येऊन, या देशाच्या लोकांसमोर सांगितलं, त्याची किंमत मी कमी मानत नाही.

तिसरा दिवस : व्हिएन्तिआन ते फोनसावन

वांगविएंगपर्यंत नव्या रेल्वेने. डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेली ही लाइन व्हिएन्तिआनहून थेट चीनच्या सीमेपर्यंत जाते. बांधणाऱ्या कंपनीत ७० टक्के वाटा चिनी, ३० टक्के लाओ, आणि लाओसच्या डोक्यावर चिनी कर्ज. गाडी स्वच्छ, वेळेवर, बोगद्यांतून सुसाट. वाटाड्याला तिचं कौतुक आहे, आणि असावंच. पूर्वी तासन्‌तास जायचे तिथे आता एक तास लागतो. तरी मला फळ्यावरचा बाण आठवत राहिला. याही वेळी बाण या देशातून दुसरीकडे चाललाय.

वांगविएंगमध्ये गावाच्या मधोमध एक मोकळं लांबच लांब पटांगण आहे. तीही एअर अमेरिकेची धावपट्टी. तिथून भाड्याच्या गाडीने कासी, फू खून आणि मग सातव्या क्रमांकाच्या रस्त्याने पूर्वेला. वळणं संपता संपत नाहीत. चुनखडीचे डोंगर, कडेला हमोंग या डोंगरी जमातीच्या वस्त्या, रस्त्यावर वाळत घातलेला झाडूचा गवती फुलोरा.

याच डोंगरांच्या दक्षिणेला लोंग तिएंग आहे. नकाशावर नसलेलं शहर. वांग पाओ या हमोंग सेनापतीचं सैन्य सीआयएने तिथे उभं केलं. मोठी माणसं मरत गेली तशी पोरं भरती होत गेली, बारा-चौदा वर्षांची. मे १९७५ मध्ये अमेरिकी विमानांनी वांग पाओंना आणि काही हजार लोकांना उचललं. धावपट्टीवर त्याहून कितीतरी जास्त लोक उरले. ते चालत मेकाँगकडे निघाले, कित्येक पोचलेच नाहीत. आज मिनेसोटात आणि कॅलिफोर्नियात मोठी हमोंग वस्ती आहे ती यामुळे. महासत्तेचा मित्र होणं छोट्या समाजाला किती महाग पडतं, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

चौथा दिवस : रांजणांचं पठार

फोनसावनपासून थोड्याच अंतरावर पहिलं स्थळ. गवताळ टेकाडावर तीनशेहून जास्त दगडी रांजण. काही माणसाच्या उंचीचे, काही कलंडलेले, एखाद्याच्या पोटातून झाड उगवलेलं. लोहयुगातले, मृतांच्या विधींशी जोडलेले. १९३० च्या दशकात मादलेन कोलानी या फ्रेंच बाईंनी इथे उत्खनन केलं. २०१९ मध्ये जागतिक वारसा यादीत नाव आलं. पावसाचं पाणी साठलेल्या एका रांजणात डोकावले तर आत आभाळ आणि एक बेडूक.

पण इथे पाहत फिरता येत नाही, पायाखाली बघत फिरावं लागतं. जमिनीत छोटे चौकोनी ठोकळे बसवलेत, अर्धे पांढरे, अर्धे लाल. १९९४ पासून लाओसमध्ये काम करणाऱ्या 'मॅग' संस्थेची ही खूण. पांढऱ्या बाजूची जमीन खोलवर तपासलेली, लाल बाजूची नाही. "आचान, पांढऱ्या बाजूनेच चाला," वाटाड्या दर वळणावर सांगत होता. त्याच्या आवाजात भीती नव्हती. आपण पोराला 'रस्त्याच्या कडेने चाल' म्हणतो, तसं.

रांजणांच्या मधे वाटोळे खड्डे आहेत. दादाने एकाच्या काठावर उभं राहून व्यास पावलांनी मोजला. चौदा पावलं. "अडीचशे किलोचा असेल," म्हणाला. खड्ड्याच्या तळाशी गवत बाकीच्यापेक्षा हिरवं होतं.

रात्री जेवताना तो बोलला. दादा कामाबद्दल घरी कधी बोललेला नाही. "२००१-०२ मध्ये सीमेवर आम्ही सुरुंग पेरले. शेतंच होती ती, लोकांची. पेरायला दिवस लागले, काढायला महिनेच्या महिने. माझ्या जोडीदाराचं पाऊल त्यात गेलं. पण एक लक्षात घे, आम्ही पेरताना नोंद ठेवतो. ओळ, अंतर, संख्या. कागद हातात घेऊन परत जातो. इथे कसला कागद? विमान कुठे होतं याची नोंद असेल. पेटी उघडल्यावर सहाशे गोळे कुठे गेले, हे पाडणाऱ्यालाही माहीत नाही."

ज्याची नोंदच होऊ शकत नाही असं हे क्लस्टर बाँबचं हत्यार बंद करावं, म्हणून २००८ मध्ये ओस्लोत करार झाला, २०१० मध्ये लागू झाला, आणि त्याच वर्षी सदस्य देशांची पहिली बैठक व्हिएन्तिआनलाच भरली. अमेरिकेने त्यावर सही केलेली नाही. रशियाने नाही, चीनने नाही, आणि आपणही नाही. हे मी दादाला सांगितलं तेव्हा त्याने बांबूच्या टोपलीतला चिकट भात बोटांनी वळत ठेवला, खाल्ला नाही. "करायला पाहिजे होती," एवढंच म्हणाला.

पाचवा दिवस : मुआंग खून आणि नाफिया

मुआंग खून ही झिएंगखुआंग प्रांताची जुनी राजधानी. आज तिथे जे पाहायचं ते पडझडीत. वाट फिया या विहाराच्या विटांचे खांब उभे आहेत, छप्पर नाही, आणि मधे बुद्धाची भव्य बैठी मूर्ती, चेहऱ्याची एक बाजू जखमी. कुणीतरी सकाळीच झेंडूची फुलं वाहून गेलं होतं. युद्धानंतर राजधानी उचलून फोनसावनला नेली, कारण इथे नेण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दुपारी नाफिया गावात गेलो. युद्धाच्या भंगारातल्या अ‍ॅल्युमिनियमचे चमचे करणारं गाव. एका घराच्या ओट्यावर मातीची भट्टी, वर कढईत धातू वितळून पाऱ्यासारखा डुलत होता. बाई साठीच्या असतील. लाकडी चौकटीत राख दाबून केलेला साचा, दोन अर्धे. ते जुळवायचे, लांब दांड्याच्या पळीने वरच्या छिद्रातून धातू ओतायचा. क्षणभरात साचा उघडला की चमचा तयार. कडेचा जादा भाग कातरायचा, कानशीने घासायचं. मी पाहत होते तेवढ्यात त्यांचे अकरा चमचे झाले. आपल्याकडचे कासार ओतकाम करतात तीच लय. हात बोलतात, माणूस बोलत नाही.

दादाने वाटाड्याला विचारायला लावलं, की हे भंगार कोण तपासतं. बाईंनी ढिगाकडे बोट केलं. तो आता नवऱ्यामागे मुलगा बघतो, आणि फक्त ओळखीचंच घेतो. नवरा कसा गेला ते आम्ही विचारलं नाही.

चमचे घ्यावेत की नाही यावर आमच्या दोघांत वाद झाला. मागणी वाढली तर पोरं भंगार शोधायला रानात जातील, हे त्याचं म्हणणं. बोम्बी लाओसच्या पोरांना खेळण्यातला चेंडूच वाटतो. युद्ध संपल्यापासून २०,००० हून जास्त लोक न फुटलेल्या दारूगोळ्याने मेले किंवा जायबंदी झाले, त्यांत मुलं फार. मला त्या बाईंच्या हाताची किंमत द्यायची होती. शेवटी मी दोन घेतले. दादा गाडीत माझ्याशी बोलला नाही. त्याचं खरं होतं असं आता वाटतं.

सहावा दिवस : थाम पिउ

हा दिवस लिहायला मी सगळ्यात जास्त वेळ घेतला.

फोनसावनहून पूर्वेला मुआंग खामकडे, साधारण तासाभराच्या वाटेवर, डोंगराच्या पोटात थाम पिउची गुहा आहे. पायथ्याशी मेलेलं मूल हातांवर घेतलेल्या माणसाचा पुतळा. मग पायऱ्या. विमानं रोज यायला लागली तशी आसपासच्या गावांतली माणसं घरं सोडून या गुहेत राहायला आली. दिवसा आत, रात्री बाहेर येऊन शेत. २४ नोव्हेंबर १९६८ रोजी विमानातून सोडलेलं रॉकेट गुहेच्या तोंडातून आत गेलं. ३७४ माणसं मेली. बायका, मुलं, म्हातारी.

गुहेच्या तोंडाशी उजेड आहे, आत नाही. भिंती अजून काळ्या. जमिनीवर लोकांनी छोटे दगड एकावर एक रचून ठेवलेत, शेकडो ठिकाणी. दादाने बूट बाहेर काढले. मीही काढले. दगड गार होते.

मला तारीख खुपत होती. १९६८, नोव्हेंबर. हे मी वर्गात शिकवलेलं आहे. १ नोव्हेंबर १९६८ पासून राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी उत्तर व्हिएतनामवरची बाँबफेक थांबवली. पॅरिसच्या वाटाघाटी पुढे जाव्यात म्हणून. 'शांततेच्या दिशेने महत्त्वाचं पाऊल', असं मी फळ्यावर लिहायचे आणि मुलं वहीत उतरवून घ्यायची. परीक्षेत त्याला गुण होते.

ती थांबवलेली विमानं गेली कुठे, हे मी कधी विचारलं नाही. ती लाओसवर आली. झिएंगखुआंगवरच्या खेपा त्यानंतर कितीतरी पटींनी वाढल्या. १९६९ मध्ये सिनेटच्या समितीपुढे व्हिएन्तिआनच्या अमेरिकी वकिलातीतले दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी माँटीगल स्टर्न्स यांना याचं कारण विचारलं गेलं. त्यांच्या उत्तराचा आशय असा, की एवढी विमानं नुसती उभी होती, त्यांना काही काम न देता ठेवता येईना. ही सुनावणी बंद दाराआड झाली. अमेरिकेच्या जनतेला आपला देश इथे लढतो आहे हेच अधिकृतपणे ठाऊक नव्हतं.

म्हणजे उत्तर व्हिएतनामवरचं आकाश मोकळं झालं, जगाने सुटकेचा श्वास टाकला, आणि तेवीस दिवसांनी ही गुहा जळली. या दोन गोष्टींत किती धागे थेट जोडलेले आहेत हे इतिहासकार मोजतील. मला एवढं दिसतं, की धोरण ठरवणाऱ्यांच्या टेबलावर लाओस हा कधीच देश नव्हता. तो शेजारच्या देशाचा दरवाजा होता, उत्तर व्हिएतनामची रसद दक्षिणेत नेणारा हो चि मिन्ह मार्ग जातो ती जागा होती, विमानं रिकामी परत नेण्यापेक्षा मोकळी करायची मोरी होती. हवा खराब म्हणून व्हिएतनामवर टाकता न आलेले बाँब परतीच्या वाटेवर इथे टाकून दिले जायचे. कुणाचा लाओसवर रागसुद्धा नव्हता. मला त्याचंच सगळ्यात जास्त वाईट वाटतं. शत्रू मानलं असतं तर निदान कुणी तरी कधी तरी या लोकांशी तह करायला बसलं असतं.

खाली उतरल्यावर वाटाड्या म्हणाला, "माझी आजी त्या दिवशी गुहेत नव्हती. तिला शेतावर उशीर झाला." मग गाडी चालू केली.

सातवा दिवस : परत

सकाळी फोनसावनहून निघालो. गावाबाहेर रस्त्यालगत लाल पाटी, कवटीचं चित्र, आणि शेतात सफाईचं पथक. बहुतेक बायकाच होत्या. दोऱ्या आखून केलेले पट्टे, हातात धातुशोधक, पावलं मोजून टाकलेली. दादाने गाडी थांबवायला सांगितली आणि पाटीच्या अलीकडे हात मागे बांधून उभा राहिला. "बरोबर करताहेत," तो हळूच म्हणाला. "घाई नाही कुणाला."

घाई नको हे खरं, पण वेळ किती लागेल? आजवर बाधित जमिनीतली दहा टक्केही साफ झालेली नाही. आणि या कामाचा मोठा पैसा अजून वॉशिंग्टनहून येतो. २०२५ च्या जानेवारीत तिथे परदेशी मदत गोठवली गेली, तेव्हा जगभरच्या सुरुंगसफाईलाही थांबा आला. इथल्या शेताला तिथल्या निवडणुकीत मत नव्हतं, तसं १९६४ मध्येही नव्हतं.

शेताचा मालक बांधावर उकिडवा बसून पाहत होता. पन्नाशीचा, डोक्याला गमछा. वाटाड्याने त्याला हाक मारली. डावीकडे भाताचे कापलेले सड होते, उजवीकडे कमरेएवढं गवत, आणि मधे लाल टोकाच्या खुंट्यांची रांग. गवताच्या बाजूला त्याच्या बापाने भात लावला होता, तो लहान असताना. नंतर कुणी लावला नाही.

मी विचारायला लावलं, की पुढच्या पावसाळ्यात तिकडेही लावणार का.

त्याने खुंट्यांकडे पाहिलं.

"या काढल्या की."